गल्लीतला ऐक्यगट: वेगवेगळ्या मंडळ्यांच्या माणसांनी एकत्र यायचं तर

कुर्ला, भायखळा, कलिना, मरोळ, विक्रोळी. मुंबईतल्या अशा कुठल्याही वस्तीत दहा मिनिटं चाललं तर ख्रिस्ती लोकांच्या चार-पाच मंडळ्या भेटतात. गावठाणातले ईस्ट इंडियन कॅथलिक, नगर-जालना-साताऱ्याकडून गिरणीत नि रेल्वेत नोकरीला आलेल्यांची सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) किंवा मेथडिस्ट मराठी मंडळी, साल्वेशन आर्मी, केरळातून आलेले मार्थोमा आणि ऑर्थोडॉक्स, शाळेच्या हॉलमध्ये भरणारी पेंटेकॉस्टल सभा. सगळे एकाच नळाचं पाणी भरतात, एकाच लोकलला लटकतात, आणि एकमेकांच्या चर्चची पायरी चढतात ती लग्नाला नाहीतर मयताला. आपल्या आपल्यातच ही अवस्था असताना हिंदू, मुसलमान, बौद्ध शेजाऱ्यांना आपण सलोख्याबद्दल काय सांगणार? योहान १७:२१ मध्ये प्रभूने ऐक्य मागितलं ते जगाने पाहून विश्वास ठेवावा म्हणून. म्हणजे ते शेजाऱ्याला दिसलं पाहिजे.

मोठ्या मैदानावरच्या ऐक्यसभांना आमचा विरोध नाही. पण अविश्वास साठतो तो ठराविक जागी: पैसा कुणाच्या हातात, चहा कुणाच्या घरी, आधी कोण बोलणार, तक्रार पहिली कुणाच्या कानावर जाते. नव्या करारातल्या मंडळ्याही याच गोष्टींवरून फाटत होत्या, आणि त्यांनी काढलेले उपाय तिथेच लिहिलेले आहेत. खालची पद्धत त्या उपायांवर उभी आहे. तिला एक वस्ती, बारा माणसं आणि निदान एक वर्ष लागतं.

आधी पाळकांना सांगा

पहिलं पाऊल आपल्या फादरांकडे किंवा पाळकांकडे टाका. गट सुरू झाल्यावर कळवलं तर चोरून केल्यासारखं होतं, आणि तो संशय मग वर्षानुवर्षं जात नाही. अर्ध्या पानाचं पत्र लिहा. त्यात काय करणार ते दोन ओळींत आणि काय करणार नाही ते सविस्तर असू द्या: मिस्सा किंवा प्रभुभोजन नाही, बाप्तिस्मा नाही, दशांश किंवा दानपेटी नाही, रविवारच्या उपासनेच्या वेळी सभा नाही, नवं चर्च नाही. सगळ्या पाळकांना हेच पत्र द्या, एक शब्दही न बदलता. ते एकमेकांना फोन करून ताडून बघतात, आणि त्यांनी बघावंच.

पाळकांची खरी भीती मेंढरं, म्हणजे मंडळीतली माणसं, पळवण्याची असते, आणि ती निराधार नाही. म्हणून पहिल्या वर्षासाठी एक नियम पाळा: गटातल्या कुणीही दुसऱ्या मंडळीच्या माणसाला आपल्या उपासनेला, उपवास-प्रार्थनेला किंवा सुवार्ता सभेला बोलवायचं नाही. कुणी आपणहून यायचं म्हणालं तर त्याने आधी स्वतःच्या पाळकाच्या कानावर घालावं. पेंटेकॉस्टल भावाबहिणींना हा नियम जड जातो, कारण बोलावणं हा त्यांच्या विश्वासाचाच भाग आहे. त्यांच्या पास्टरांशी हे सुरुवातीलाच मोकळेपणाने बोला. नियम मोडल्यावर बोलायला गेलात तर तो आरोप ठरतो.

कॅथलिक पॅरिशमध्ये लहान ख्रिस्ती समूह बहुतेक ठिकाणी गल्लीवार बांधलेले असतात. तुमच्या गल्लीचा समूह जो चालवतो त्याला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, नाहीतर आपल्याला शह द्यायला दुसरा गट काढला असं त्याला वाटेल. एखाद्या पाळकाने नाही म्हटलं तर वाद घालू नका, त्यांच्या बिशपांकडेही जाऊ नका. त्यांच्या मंडळीवाचून सुरू करा आणि सहा महिन्यांनी पुन्हा भेटा. तोवर गटाने काय केलं आणि काय केलं नाही हे त्यांनी स्वतः पाहिलेलं असतं.

माणसं

बारा पुरेत, पंधराच्या वर नकोत. दहा बाय बाराच्या खोलीत याहून जास्त माणसं मांडी घालून बसत नाहीत, आणि माणसं वाढली की बोलणारे चारच उरतात. निदान तीन मंडळ्या हव्यात. कुठल्याही एका मंडळीची माणसं निम्म्यापेक्षा कमी असावीत. निम्म्या बायका हव्यात, एक-दोन भाडेकरू हवेत. वडीलजन आणि पंच मंडळी तीनच्या वर गेली तर प्रार्थनेची कमिटी मीटिंग होते. भांडणामुळे चर्चला जाणं सोडलेला एक तरी माणूस शोधून आणा. कुठे तुटलं हे त्याच्याइतकं नीट कुणालाच ठाऊक नसतं.

गट दोघांनी मिळून चालवायचा, दोघं वेगवेगळ्या मंडळ्यांचे. सहा महिन्यांनी दोघंही बदला. पाळकांनी पाहुणे म्हणून जरूर यावं, पण गट चालवू नये.

चहा कुणाच्या घरी

घर दर आठवड्याला बदला, आणि एकही घर वगळू नका. गट टिकतो की मोडतो ते इथे ठरतं. ख्रिस्ती झालो म्हणून जात गेली असं आपण म्हणतो, पण ती कुठे कुठे शिल्लक आहे हे सगळ्यांना माहीत असतं. मराठी मंडळ्यांत ती आडनावातून आणि गावावरून ओळखली जाते, कॅथलिक घरांत सोयरिकीच्या वेळी वर येते. म्हणून पहिल्या दोन-तीन सभांत "तुमचं मूळ गाव कोणतं?" हा प्रश्न विचारू नका. तुम्ही सहज विचारता, पण समोरच्याने तो आयुष्यभर वेगळ्या अर्थाने ऐकलेला असतो. ओळख करून देताना नाव, गल्ली आणि मंडळी एवढंच सांगायचं.

चहा ज्याच्या घरी सभा त्याच्याच भांड्यात, त्याच्याच कपांत. बारा जणांना पाऊण लिटर दूध, तेवढंच पाणी आणि ग्लुकोज बिस्किटांचे दोन पुडे. यापलीकडे काही ठेवायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी मोठ्याने सांगा. नाहीतर पहिल्या घरी बटाटेवडे होतात, दुसऱ्या घरी पॅटिस, तिसऱ्या घरी केक, आणि चौथं घर म्हणतं, "आमच्याकडे नको, पाहुणे आहेत." ते पाहुणे बहुतेक वेळा नसतातच. खर्चाची लाज असते.

नजर ठेवा ती एका गोष्टीवर. कुणी बिस्किट उचलतं पण चहाला हात लावत नाही. कुणी बाटलीतलं पाणी घरून आणतं. कुणाला एका ठरावीक घरीच "आज उपास" असतो. एकदा झालं तर सोडून द्या. त्याच घरी दुसऱ्यांदा झालं तर तो योगायोग नसतो. अंत्युखियात पेत्राने हेच केलं होतं: विदेशी, म्हणजे यहुदी नसलेल्या, बंधूंबरोबर जेवत असे, याकोबाकडची माणसं आल्यावर मागे सरला, आणि पौलाने त्याला तोंडावर सांगितलं (गलती २:११-१४). पौलाने ते सर्वांसमोर सांगितलं. गल्लीत मात्र आधी एकांतात सांगावं असं आम्हाला वाटतं, कारण इथे ज्याचा अपमान झाला त्या घरचीही चर्चा होते. आधी त्या घरच्या बाईला विचारा की हा विषय काढलेला तिला चालेल का. ती हो म्हणाली तर गट चालवणाऱ्या दोघांपैकी एकाने आठवडा संपायच्या आत त्या माणसाला भेटावं आणि जे दिसलं तेवढंच सांगावं. या विषयावर प्रवचन ठेवू नका. प्रवचनात ज्याला लागायला हवं तो सोडून बाकी सगळ्यांना लागतं.

बसायला सगळ्यांना सतरंजी. खुर्ची फक्त गुडघे दुखणाऱ्याला, मग तो कुणीही असो. याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात श्रीमंताला चांगलं आसन देण्याबद्दल लिहिलं आहे, तेवढं पुरेसं स्पष्ट आहे.

सभा

वार गुरुवार ठेवा, वेळ पावणेनऊ ते साडेनऊ. रविवार सगळ्यांचा भरलेला असतो, शनिवारी संध्याकाळी कॅथलिकांची मिस्सा असते, बुधवारी बरेच जण माहीमच्या चर्चमधल्या नोव्हेना प्रार्थनेला जातात, आणि शुक्रवार अनेक पेंटेकॉस्टल घरांत उपवास-प्रार्थनेचा. पावणेनऊच्या आधी विरार किंवा कल्याण लोकलने येणारा माणूस घरी पोचत नाही.

क्रम साधा ठेवा. दोन मिनिटं शांतता. सगळ्यांना येणारं एक गीत, पेटी असली तर खालच्या पट्टीत, माइक नाही. एक स्तोत्र, एकेक ओवी एकेकाने वाचायची. मग पंधरा ओव्यांपर्यंत शास्त्रपाठ आणि तीन मिनिटं पूर्ण शांतता. नंतर प्रत्येकाने दोन मिनिटांत आपल्याला काय भिडलं ते सांगायचं, आणि दुसऱ्याच्या बोलण्यावर कुणीही काही बोलायचं नाही. मग विनंत्या, प्रभूची प्रार्थना, चहा. प्रवचन नको. प्रवचन आलं की कुणाचा प्रवचनकार हा प्रश्न येतो.

अडचणी येतात त्या बारीक जागी. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तकं आहेत, प्रॉटेस्टंट बायबलात ६६. पाठ या ६६ मधूनच निवडा. वाचायचं ते ज्याच्या घरी सभा त्याच्या घरच्या बायबलातून. भाषांतर थोडं वेगळं लागतं, आणि ऐकलेल्या ओळी त्यामुळे पुन्हा लक्ष देऊन ऐकल्या जातात. दहा आज्ञांचे क्रमांकही वेगळे आहेत: "खून करू नको" ही कॅथलिकांची पाचवी आणि बहुतेक प्रॉटेस्टंटांची सहावी. तेव्हा आज्ञा क्रमांकाने सांगू नका, तिचे शब्द म्हणा.

प्रभूच्या प्रार्थनेत बारा जण एका आवाजात "वाइटापासून सोडव" पर्यंत येतात आणि तिथे गाडी अडते. प्रॉटेस्टंट "राज्य, पराक्रम, वैभव" म्हणत पुढे जातात, कॅथलिक थांबलेले असतात. ते शब्द मिस्सेत आहेत, पण मध्ये पाळकाची एक प्रार्थना होऊन मग येतात. ही दोन क्षणांची गडबड दर आठवड्याला झाली तर परकेपणा तिथेच मुरतो. उपाय सोपा आहे: त्या जागी सगळ्यांनी एक श्वास थांबायचं, मग शेवटची ओळ सगळ्यांनी मिळून म्हणायची. पहिल्या सभेत दोनदा सराव केला की बसतं.

नमो मारिया, संतांची विनवणी, अन्य भाषांत (म्हणजे आत्म्याने सुचलेल्या, न शिकलेल्या बोलीत) मोठ्याने प्रार्थना आणि आजाऱ्यावर हात ठेवणं, हे सगळं या पाऊण तासाबाहेर ठेवा. यातलं काही चूक आहे असा निवाडा आपण करत नाही. ते ज्याचं त्याने आपल्या घरी नि चर्चमध्ये मनापासून करावं, आणि दुसऱ्याच्या रीतीवर गटात टीका करू नये. विनंती मात्र ज्याला ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत करू द्या. तमिळ किंवा कोंकणी विनंतीचं लगेच भाषांतर मागू नका.

विनंत्यांतून चुगली शिरते, हा जुना रोग आहे. "प्रभू, दुसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलीला सद्बुद्धी दे" ही प्रार्थना नसून बातमी आहे. दुसऱ्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करायची तर आधी त्याची परवानगी घ्या. एरवी "एका कुटुंबासाठी" म्हटलं तरी देवाला पत्ता कळतो.

तक्रार

मत्तय १८:१५-१७ मध्ये तीन पायऱ्या दिल्या आहेत. आपल्याकडे त्या उलट्या चढल्या जातात: आधी सगळ्यांना, मग दोघातिघांना, आणि ज्याच्याबद्दल तक्रार त्याला सर्वांत शेवटी. गटात नियम असा ठेवा की दुखावलेल्याने तीन दिवसांत त्या माणसाला एकट्याने, समोरासमोर भेटायचं. फोनवर नाही, कारण फोनवर आवाज चढतो पण चेहरा दिसत नाही. जिन्यातही नाही. स्टेशनपर्यंत बरोबर चालत जाणं उत्तम, कारण दोघंही समोर बघत बोलतात.

जमलं नाही तर दोघांना सोबत न्या: एक ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्या मंडळीचा, एक तिसऱ्याच मंडळीचा. तक्रार करणाऱ्याने आपलीच दोन माणसं नेली तर समोरच्याला घेरल्यासारखं वाटतं आणि तो आपल्या चार जणांना बोलावतो. तिथून पुढे ते भांडण दोन चर्चांचं होतं. तेवढ्यानेही मिटलं नाही तरच संपूर्ण गट, दोन्ही पाळकांना कळवून. आणि चूक आपली असेल तर मत्तय ५:२३-२४ लागू आहे: दान वेदीपाशी ठेवून आधी समेट करायला जायचं. पुढच्या गुरुवारची वाट बघायची नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त पत्ता, वेळ आणि आजारपणाची खबर. लिहिण्याची मुभा गट चालवणाऱ्या दोघांनाच द्या. वचनांची चित्रं, सुप्रभात आणि राजकारण यांतलं काहीही नको.

पैसा

प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. ग्रीक बोलणाऱ्यांनी तक्रार केली की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी खुलासे दिले नाहीत. वाटपासाठी सात जण निवडले गेले, आणि स्तेफनापासून नीकलावापर्यंत सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार त्यांच्याच बाजूच्या माणसांकडे वाटप गेलं. गटाचा पैसा ठेवतानाही हेच करा: वही सर्वांत लहान किंवा सर्वांत साशंक मंडळीच्या माणसाकडे, रोकड दुसऱ्या मंडळीच्या माणसाकडे.

घरटी महिन्याला ५० रुपये, बिननावाच्या पाकिटात. ज्याला जमत नाही त्याने रिकामं पाकीट टाकावं. हातात २,००० रुपयांच्या वर रोकड साठू देऊ नका. साठली की ती कुणाला द्यायची यावर गट भांडतो. वहीच्या पानांना आधीच क्रमांक घाला, लिहा पेनाने, औषधाचं किंवा वाण्याचं बिल त्याच पानाला टाचा. मदत घेणाऱ्याचं नाव वहीत नको, "औषध, ४५० रुपये" एवढं पुरे. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी मागची शिल्लक, जमा, खर्च, आताची शिल्लक या चार ओळी मोठ्याने वाचा. कुणी विचारलं नाही तरी वाचा. पौलासारख्या माणसानेही यरुशलेमसाठी जमवलेली वर्गणी नेताना कुणी दोष लावू नये म्हणून सोबत माणसं घेतली (२ करिंथ ८:२०-२१).

उसने पैसे कुणालाही देऊ नका. द्यायचे तर देऊन टाका. उसने घेतलेला माणूस तिसऱ्या आठवड्यापासून सभेला येईनासा होतो. परदेशातल्या ओळखीच्या चर्चकडून पैसा घेण्याच्या वाटेला जाऊच नका. अशा पैशाला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि ५० रुपयांच्या पाकिटांनी जमवलेला विश्वास त्या पैशाने जातो.

शेजार: पावसाळ्याची यादी

पाच-सहा महिने नीट गेले की गटाने दाराबाहेर पडावं. मुंबईत त्यासाठी मे महिना आणि पावसाळ्याची यादी यांहून चांगलं काम आम्हाला माहीत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री चर्च, मशिदी, मंदिरं, शाळा आणि अनोळखी माणसांची घरं अडकलेल्यांसाठी उघडली. ती मदत आयत्या वेळची होती. यादीचं काम तीच तयारी आधी करून ठेवण्याचं.

दोन गल्ल्या किंवा एक चाळ निवडा, ६० ते ८० घरं. प्रत्येक घरी दोघांनी जायचं: एक गटातला, दुसरा त्याच गल्लीतला दुसऱ्या धर्माचा शेजारी. गणपती मंडळाचा कार्यकर्ता, मशिदीच्या ट्रस्टवरचा माणूस, बुद्धविहारातली ताई. त्यांना मदतीला बोलवू नका, यादी त्यांच्याबरोबर मिळूनच आखा. विचारायचं एवढंच: एकटं वृद्ध माणूस आहे का, इन्सुलिन किंवा डायलिसिसवर कुणी आहे का, तान्हं बाळ किंवा गरोदर बाई आहे का, पाणी घरात शिरतं का आणि कितपत, वरच्या मजल्यावर एका रात्रीसाठी जागा कोण देईल, बंद घराची चावी कुणाकडे असते. धर्म विचारायचा नाही, आधार कार्ड बघायचं नाही, फोटो काढायचा नाही. यादी कागदावर, दोनच प्रती: एक गटाकडे, एक त्या शेजाऱ्याकडे. वरच्या कोपऱ्यात महापालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६ आणि जून ते सप्टेंबरमधल्या साडेचार मीटरवरच्या भरत्यांच्या तारखा लिहा. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की पाणी उतरायला जागा राहत नाही.

पाणी भरलेल्या रात्री ५० माणसांना खिचडी करायची तर चार किलो तांदूळ, दोन किलो मूगडाळ, वीस लिटरच्या आसपास पाणी, सव्वाशे ग्रॅम मीठ आणि ३५-४० लिटरचं पातेलं लागतं. कांदा-लसूण घालू नका, म्हणजे कुठलंच घर नाही म्हणणार नाही. शिजवायला निदान दोन धर्मांचे हात असू द्या. डाळ-तांदूळ जूनमध्येच भरून वरच्या मजल्यावर ठेवा.

हे काम बिघडतं दोन जागी. कुणीतरी उत्साहाने खिचडीबरोबर पत्रिका वाटतो, आणि कुणीतरी नगरसेवकाचा बॅनर आणतो. दोन्ही थांबवा. पत्रिकेबरोबर दिलेली खिचडी घेणाऱ्याला ती किंमत वाटते, आणि मग आपण नुसतं प्रेमाने दिलं होतं हे कुणाला पटत नाही. नगरसेवकाचं स्वागत करा, ताट द्या, फलक नको.

संशय घेतला गेला तर

घरातली प्रार्थनासभा म्हणजे धर्मांतर, ही शंका आज अनेक गल्ल्यांत आहे. तिच्यावर चिडून उपयोग नाही. सुरुवातीलाच चाळ कमिटीला किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीला वार, वेळ आणि घरांचा क्रम कळवा. सभेच्या वेळी दार उघडं ठेवा. चपला एका ओळीत, येण्याजाण्याची वाट मोकळी. रात्री दहानंतर लाऊडस्पीकरला कायद्याने बंदी आहेच, आपण साडेनऊलाच उठतो. मुलं आईबापांबरोबरच यावीत. बरं करण्याची हमी देऊ नका, औषध सोडायला सांगू नका, आणि पैशाची किंवा वस्तूची मदत सभेच्या जागी नि वेळी कधीच देऊ नका.

दुसऱ्या धर्माचा शेजारी येऊन बसला तर बसू द्या, चहा द्या, त्याला प्रार्थना म्हणायला लावू नका. त्याने ख्रिस्ताबद्दल विचारलं तर खरं आणि सरळ उत्तर द्या. आपला विश्वास लपवण्यासारखा नाही, आणि तो मानण्याचा, पाळण्याचा आणि सांगण्याचा हक्क राज्यघटनेच्या २५व्या कलमाने दिलेला आहे. लांबलचक बोलणं मात्र दुसऱ्या दिवशी, त्याने बोलावलं तर त्याच्या घरी.

जमाव दारात आलाच तर बोलणारं माणूस आधी ठरलेलं असावं, शक्यतो गल्लीत सगळे ओळखतात अशी एखादी वयस्क बाई. बाकीच्यांनी बसून राहायचं, तोंडासमोर मोबाइल धरून चित्रण करायचं नाही. एकाने ११२ लावायचा, दुसऱ्याने यादीतल्या शेजाऱ्याला हाक मारायची. मे महिन्यात तुमच्याबरोबर ८० घरं फिरलेला माणूस त्या क्षणी दारात उभा राहिला तर बरंच काही निवळतं.

अफवांनाही हाच उपाय. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईत मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या, ज्युलिओ रिबेरो आणि सतीश साहनी यांच्यासारखे पोलीस अधिकारी त्यात होते. त्या कामाचा गाभा एवढाच होता की वेगवेगळ्या धर्मांची माणसं आणि पोलीस शांततेच्या दिवसांत एकमेकांना भेटत राहिले. "चर्चवर दगडफेक" किंवा "मशिदीत अमुक" असा निरोप आला की तो पुढे पाठवायच्या आधी तिथल्या ओळखीच्या माणसाला फोन करा. डोळ्यांनी पाहिलेला माणूस सापडेपर्यंत निरोप आपल्या फोनवरच थांबवा. खरा निघाला तरी फोनवर फिरवू नका, तिथे जा.

जानेवारीचा आठवडा

१८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा. १९०८ पासून तो पाळला जातो, आणि १९६८ पासून त्याची प्रार्थना-पुस्तिका व्हॅटिकन आणि जागतिक चर्च परिषद मिळून काढतात. आठही संध्याकाळी सभा ठेवल्या तर चौथ्या दिवशी तीन माणसं उरतात. तीनच ठेवा, तीन वेगवेगळ्या चर्चांत, आणि प्रत्येक ठिकाणी पाठ वाचणारे बाहेरच्या मंडळीचे. पाळकांना बोलायला सात मिनिटं, घड्याळ समोर. या संध्याकाळी प्रभुभोजन ठेवू नका. कॅथलिक शिस्तीप्रमाणे इतर मंडळ्यांतल्यांना मिस्सेत ख्रिस्तशरीर एरवी दिलं जात नाही. सीएनआयमध्ये रीत वेगळी आहे, आणि रांगेत उभं राहून माघारी फिरावं लागलेला माणूस पुन्हा येत नाही. हे दुःख खरं आहे. ते झाकू नका, विनंत्यांत मोठ्याने म्हणा.

एक संध्याकाळ गावठाणातल्या क्रुसापाशी करता येते. वांद्र्यासारख्या ठिकाणचे काही क्रूस १८९६ च्या प्लेगच्या साथीच्या काळातले आहेत, आणि शेजारपाजारचे हिंदूही तिथे हार घालतात. हार-मेणबत्ती ज्याला करायची त्याने करावी. काही प्रॉटेस्टंट घरांना ते जमत नाही, त्यांच्याकडे शास्त्रपाठ द्या.

वर्षाच्या शेवटी गट पंधराच्या वर गेला तर त्याचे दोन करा, पण मंडळीवार कधीच नको, गल्लीवार करा. दोन्हींत निदान तीन मंडळ्या राहतील असं बघून नावं लिहा. शिल्लक रक्कम निम्मी-निम्मी, जुनी वही नव्या गटाकडे द्या आणि जुन्या गटाने कोरी वही घ्यावी. पावसाळ्याची यादी दोघांची एकच ठेवा, आणि मे महिन्यात पुन्हा दारोदार फिरून ती ताजी करा. भाडेकरू अकरा महिन्यांनी बदलतात.